आईसाठी चौसष्ट की एकशे अठ्ठावीस?

नाव एकच, रंग एकच, खोकाही एकच. फरक फक्त हजार रुपयांचा! मग गावाकडं फोन घेऊन देताना नेमकं कुठलं व्हेरियंट उचलायचं? हिंजवडीत बसून मुरगूडचा फोन निवडणाऱ्या तमाम मुलामुलींसाठी हा खास हिशेब...

स्वतःसाठी फोन घेताना आपण काय काय करतो, जरा आठवून बघा. तीन आठवडे रिव्ह्यू पाहायचे. ऑफिसातल्या 'गॅजेट गुरू'ला कॅन्टीनमध्ये चहा पाजायचा. सेलची तारीख कॅलेंडरवर टाकायची, कार्डावरची सूट बघायची, जुना फोन एक्स्चेंजला देऊन किती सुटतात याचं गणित मांडायचं. आणि आईला फोन घ्यायचा असेल तर? दोन मीटिंगच्या मधे घरून कॉल येतो.

"अरं, हितं दुकानात दोन हायत. एक साडेआठ हजाराचा, एक साडेनऊचा. दिसायला सेमच हायत. कुठला घिऊ?"

"पप्पा, मोठा घ्या."

"कशाला मोठा? तुझ्या आईला काय, फोनच लावायचा असतोय न्हवं?"

"बरं, मग लहान घ्या. मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो."

झालं! पुढची चार वर्षं ज्या फोनवरून आई तुमच्याशी बोलणार, त्याचा फैसला पाऊण मिनिटात! हा संवाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातला असू शकतो. आपण मुरगूडचंच उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातलं, वेदगंगेच्या काठचं हे नगरपालिकेचं गाव. एका अंगाला कागल आणि कोल्हापूर, दुसऱ्या अंगाला निपाणी, म्हणजे थेट कर्नाटक. आजूबाजूला ऊस, आणि बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना. शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला आणि आईवडील घरी, हे चित्र इथंही आहेच. आणि या दोन टोकांना जोडणारी वस्तू कुठली? तर आठ-दहा हजारांचा तो फोन.

म्हणूनच त्याचं व्हेरियंट निवडणं हा वाटतो तेवढा किरकोळ मामला नाही, बॉस!

खोका एक, फोन दोन

साडेआठ आणि साडेनऊ हे आकडे हवेतले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये शाओमीने भारतात 'रेडमी ए४ ५जी' आणला. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज, किंमत ८,४९९ रुपये. तीच ४ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज, किंमत ९,४९९ रुपये. बाकी सगळं जसंच्या तसं. तीच ६.८८ इंचांची स्क्रीन, तीच ५,१६० एमएएचची बॅटरी, तोच स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ प्रोसेसर, तोच ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा. हजार रुपये जास्त मोजून मिळणार काय, तर फक्त दुप्पट जागा.

आज दुकानात कदाचित हेच मॉडेल मिळणार नाही. भावही वेगळे असतील, कारण २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरी चिपच्या किमती चढल्या आणि त्याची झळ स्वस्त फोनना आधी लागते. पण कोडं दर वर्षी तेच असतं. एकाच नावाचे दोन फोन, आणि दोघांत हजार-दोन हजारांचं अंतर. ते सोडवायचा फंडा मात्र साधा आहे. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर पैसे घाला. जे त्या हातांना लागणारच नाही, त्यावर घालू नका.

कव्हर नंतर घेता येतं. स्क्रीनवरची ग्लास नंतर बसवता येते. बॅटरी दमली तर ती बदलून मिळते. पण रॅम, आतली मेमरी आणि फोनला कुठलं नेटवर्क पकडता येतं, या तीन गोष्टी पहिल्या दिवशी जशा आहेत तशाच शेवटच्या दिवसापर्यंत राहतात. हजाराचा सगळा खेळ या तिघांभोवती चालतो.

२०१४ सालची गोष्ट

हा फंडा किती खरा आहे हे पाहायचं तर जरा मागं जाऊ. शाओमीचाच 'रेडमी नोट' नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतात आला, तोही दोन अवतारांत. ३जी वाला ८,९९९ रुपयांना आणि ४जी वाला ९,९९९ रुपयांना. पुन्हा हजाराचंच अंतर! दोघांनाही साडेपाच इंचांची स्क्रीन, २ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरी.

गंमत म्हणजे कागदावर स्वस्तातलाच फोन तगडा दिसत होता. ३जी वाल्यात मीडियाटेकचा आठ कोअरचा प्रोसेसर आणि दोन सिम. ४जी वाल्यात चार कोअरचा स्नॅपड्रॅगन आणि एकच सिम. आठ मोठे की चार? दोन सिम की एक? त्यात ४जी तेव्हा मोजक्या शहरांपुरतं होतं. गावाकडच्या माणसाने ३जी वाला निवडला असता तर त्याला कुणी वेड्यात काढलं नसतं. एक सिम रेंजसाठी, दुसरं स्वस्त कॉलसाठी, हा तेव्हाचा सरळ व्यवहार होता.

पुढं काय झालं? डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सन कंपनीने पेटंटच्या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि शाओमीच्या फोनविक्रीला अंतरिम मनाई मिळवली. आठवडाभरात न्यायालयाने थोडी मोकळीक दिली, पण ती क्वालकॉमची चिप असलेल्या फोनना, तीही प्रत्येक फोनमागे १०० रुपये जमा करायच्या अटीवर. म्हणजे स्नॅपड्रॅगनचा ४जी वाला विकता येणार आणि मीडियाटेकचा ३जी वाला अडकणार. जुळ्या भावांतला एक कोर्टाच्या दारात थांबला आणि दुसरा दुकानात गेला!

खरा फरक पडला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर. त्या दिवशी जिओ सुरू झालं. कॉल फुकट, नेट फुकट, आणि ही चैन पुढं ३१ मार्च २०१७ पर्यंत लांबली. अख्खा देश सिमसाठी रांगेत उभा होता. पण जिओला २जी-३जी नव्हतंच, होतं ते फक्त ४जी. ज्याच्या खिशात ३जी वाला फोन होता, त्याच्यासाठी ही पार्टी बंद दाराआड होती. मग २०१९ पासून एअरटेलनेही एकेक सर्कल करत आपलं ३जी आवरायला घेतलं. आठ कोअर होते तिथंच राहिले, नेट मात्र २जी वर आलं.

यातून 'महाग तेच चांगलं' असा अर्थ काढू नका. त्या वेळी हजार रुपये वाचवणारा माणूस मूर्ख नव्हता. दोन वर्षांनी नवा फोन घेणार असेल तर त्याचा हिशेब बरोबरच होता. पण आपण घरच्यांना देतो तो फोन दोन वर्षांत बदलत नाही. पडून स्क्रीन तडकली तरी 'चालतोय की' म्हणत तो चार-पाच वर्षं चालवला जातो. म्हणून त्याचं व्हेरियंट निवडताना आजच्यापेक्षा चार वर्षांनंतरचा विचार जास्त करायचा.

आईच्या फोनला किती कामं?

'तिला काय, फोनच लावायचा असतोय' हे पप्पांचं वाक्य आता तपासून बघू. सकाळी पोराला व्हिडिओ कॉल. मामेबहिणीच्या साखरपुड्याचे दीडशे फोटो. भजनी मंडळाचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, माहेरचा ग्रुप. रात्री स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून मालिकेचा राहिलेला भाग.

हे झालं हौसेचं. आता कामाचं बघा. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक लावायचं तर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये फोटोसकट नोंद करायची. फोनचं जीपीएस भरकटलं किंवा कॅमेरा उघडेचना, तर बांधावर ताटकळत उभं राहा! 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये आली तेव्हा अर्जही 'नारीशक्ती दूत' ॲपवरून भरले गेले. बँकेचा ओटीपी, गॅसचा नंबर, आधारचा ओटीपी, किराणा दुकानातलं क्यूआर कोड... सगळं त्याच एका फोनवर.

आणि मग पावसाळा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याने पुराचं पाणी बघितलं. रस्ते बंद, वीज बंद, पुण्यातून निघालेलं पोरगं वाटेतच अडकलेलं. अशा वेळी घरातल्या फोनची बॅटरी किती टिकते आणि त्याला रेंज मिळते का, याला किंमत लावता येत नाही. 'सगळे बरे आहोत' एवढे तीन शब्द पोचायला हवेत.

तेव्हा पप्पा, आईला 'फोनच' लावायचा असतो हे खरं. पण त्या 'फोनच'मध्ये आता अर्धं तहसील कार्यालय आणि निम्मी बँक मावलेली आहे!

मेमरी फुल!

आता मुख्य प्रश्न. ६४ की १२८?

६४ जीबी ऐकायला भरपूर वाटतं. पण त्यातला मोठा तुकडा अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स पहिल्याच दिवशी खातात. उरलेल्या जागेत तुमचं व्हॉट्सॲप, यूट्यूब, बँकेची ॲप्स, आणि दर महिन्याला जाड होत जाणारी त्यांची अपडेट्स. त्यावर 'शुभ सकाळ'चे व्हिडिओ. पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवाळीला फोन 'जागा कमी आहे' म्हणून कुरकुरायला लागतो. तिसऱ्या वर्षी फोटो निघत नाही, ॲप अपडेट होत नाही, ओटीपीचा मेसेज उघडायला मिनिट लागतं. आई म्हणते, "फोन बिघडलाय." फोन बिघडलेला नसतो, तो भरलेला असतो.

मेमरी काठोकाठ भरली की फोन हळूही होतो, कारण आत नव्या गोष्टी लिहायला मोकळी जागाच उरत नाही. म्हणून थोडी जागा नेहमी रिकामी ठेवायची असते. ६४ मध्ये ती ठेवणं म्हणजे रोजची झाडलोट. १२८ मध्ये वर्षातून एकदा गणपतीत घरी गेल्यावर साफसफाई केली तरी भागतं.

"पण मेमरी कार्ड टाकता येतं की!" हा हमखास येणारा मुद्दा. येतं. कॅमेऱ्याचे फोटो, गाणी, भजनं कार्डावर छान राहतात. पण व्हॉट्सॲपवर येणारे फोटो-व्हिडिओ आपोआप आतल्या मेमरीतच जाऊन बसतात, आणि आईच्या फोनमधला मोठा ढीग तोच असतो. शिवाय काही फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांना मिळून एकच जागा असते. कार्ड घातलं की एका सिमला सुट्टी.

"मग क्लाऊडवर टाकू!" हेही आता पूर्वीसारखं नाही. गुगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. फुकटात मिळतात ते १५ जीबी, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्याच १५ जीबीत मोजला जायला लागला. जास्तीची जागा हवी तर दर महिन्याला पैसे. ते कोण भरणार? तुम्हीच!

आता हजार रुपयांचा हिशेब करा. फोन चार वर्षं चालला तर महिने झाले ४८. म्हणजे महिन्याला साधारण २१ रुपये. तुमच्या ऑफिसखालच्या टपरीवर एवढ्यात दोन कटिंगही धड होत नाहीत. तेवढ्यात आईची तीन वर्षांची कटकट वाचत असेल तर यापेक्षा स्वस्त सौदा सापडायचा नाही.

रॅमची जादू आणि पाणंदीचा रस्ता

खोक्यावर कधी कधी मोठ्या अक्षरांत '८ जीबी रॅम' असतं आणि खाली बारीक अक्षरांत '४ + ४'. ही 'व्हर्च्युअल रॅम'. म्हणजे आतल्या मेमरीतलीच थोडी जागा उसनी घेऊन तिला रॅम म्हणायचं. मेमरी खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू चालते, त्यामुळे उसनी रॅम खऱ्याची बरोबरी करू शकत नाही. वर जागाही जाते ती आपलीच! तेव्हा 'खरी रॅम किती?' हाच प्रश्न विचारा.

मेमरीचीही जात असते. स्वस्त फोनमध्ये दोन प्रकार दिसतात, ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी म्हणजे आपल्याकडची पाणंद. उसाची एक ट्रॉली आत गेली की येणारी बाजूला थांबणार. म्हणजे एका वेळी एक तर वाचणं, नाहीतर लिहिणं. यूएफएस म्हणजे येण्या-जाण्याच्या दोन वेगळ्या लेन. फोन नवा असताना फरक कमी जाणवतो, भरत आला की चांगलाच कळतो.

याचं झकास उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये आलेली 'रेडमी १२'ची जोडी. ४ जीबी-१२८ जीबीचा ४जी वाला ९,९९९ रुपयांना, आणि तेवढ्याच मेमरीचा ५जी वाला ११,९९९ रुपयांना. दोघांची बॅटरी ५,००० एमएएच, स्क्रीनही तेवढीच. लोकांना वाटलं फरक फक्त ५जी चा. प्रत्यक्षात ४जी वाल्यात हेलिओ जी८८ प्रोसेसर आणि ईएमएमसी मेमरी, तर ५जी वाल्यात स्नॅपड्रॅगन ४ जेन २ आणि यूएफएस मेमरी. उलट कॅमेऱ्यात स्वस्त भावाने बाजी मारली. जास्त माणसं एका फोटोत मावतील अशी रुंद लेन्स ४जी वाल्यात होती, ५जी वाल्यात नव्हती. घरात लग्न असेल तर पारडं जरा हलणारच! पण चार वर्षांचा विचार केला तर दोन हजार रुपये ५जी पेक्षाही त्या मेमरीसाठी आणि प्रोसेसरसाठी मोजण्यासारखे होते.

५जी, पण कुणाचं?

आता तिसरी न बदलणारी गोष्ट, नेटवर्क. देशात ५जी ची सुरुवात १ ऑक्टोबर २०२२ ला झाली. फोनवर '५जी' छापलंय म्हणजे घरात ५जी येणारच, असं मात्र नाही. त्यात दोन गोम आहेत.

पहिली गोम सिमची. ५जी दोन पद्धतींनी चालतं. एक स्वतःच्या पायावर उभं असलेलं, म्हणजे 'एसए'. दुसरं ४जी च्या खांद्यावर हात ठेवून चालणारं, म्हणजे 'एनएसए'. जिओने पहिली पद्धत निवडली, एअरटेलने सुरुवात दुसरीने केली. आणि आपला साडेआठ हजारांचा रेडमी ए४? तो फक्त पहिली पद्धत जाणतो. त्यामुळे तो बाजारात आला तेव्हा जिओच्या सिमवर त्याला ५जी मिळत होतं, पण एअरटेलच्या सिमवर तो ४जी वरच थांबत होता. कॉल आणि नेट चालू, फक्त ५जी गायब. ६४ घ्या नाहीतर १२८, हा मुद्दा दोन्ही व्हेरियंटना सारखाच लागू. घरात वर्षानुवर्षं एअरटेलचा नंबर असेल, तोच बँकेला आणि आधारला जोडलेला असेल, तर हे खरेदीआधी कळायला नको का?

दुसरी गोम रिचार्जची. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी हे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकपुरतं ठेवलं. पप्पा जर रोज दीड जीबीचा पॅक मारत असतील तर ५जी फोन असूनही ती फुकट चैन त्यांच्या वाट्याला आली नाही. फोनपेक्षा पॅकची निवड मोठी ठरते ती अशी. आणि खरं सांगायचं तर आईच्या व्हिडिओ कॉलला चांगलं ४जी सुद्धा पुरतं.

मग ५जी वर पैसे घालायचे की नाही? २०१४ ची गोष्ट विसरू नका. घरात आज त्याची रेंज नसली तरी चार वर्षांत चित्र पालटू शकतं. अंतर हजार-दोन हजारांचंच असेल आणि सोबत प्रोसेसर-मेमरीही सुधारत असेल तर घ्या. नुसत्या छापील '५जी' साठी रॅम किंवा मेमरीत काटछाट करावी लागत असेल तर नका घेऊ.

आणि हो, सीमाभागातल्या मंडळींना माहीतच आहे. निपाणीच्या बाजूला सरकलं की फोन कधी कधी पलीकडच्या सर्कलचं नेटवर्क धरतो. घराच्या कुठल्या कोपऱ्यात कुठल्या कंपनीची रेंज येते, हे हिंजवडीतून गुगल करून समजत नाही. ते आईला पक्कं माहीत असतं. 'सोप्यात येती, स्वयंपाकघरात न्हाई' हा तिचा रिपोर्ट कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा भारी!

लहान व्हेरियंट कधी घ्यावं?

मोठंच घ्या असं सरसकट सांगणं म्हणजे दुकानदाराची वकिली झाली. लहान व्हेरियंट शहाणपणाचं ठरतं अशीही घरं आहेत. आजोबांना फक्त फोन उचलायचा आणि लावायचा असेल, व्हॉट्सॲपशी देणंघेणं नसेल, तर ६४ जीबी रिकामीच पडून राहील. तिथं वाचलेल्या हजारात चांगलं कव्हर, स्क्रीनची ग्लास आणि शक्य झालं तर छोटी पॉवर बँक घ्या. पावसाळ्यात लाइट गेली की ती पॉवर बँक जास्त मेमरीपेक्षा उपयोगी पडेल.

वरच्या बाजूलाही थांबायची एक जागा असते. ४ जीबी-१२८ वरून ६ जीबी-१२८ वर जायला हजार-दीड हजार लागत असतील तर विचार जरूर करा, रॅम ही न बदलणारी गोष्ट आहे. पण त्यापुढं ८ जीबी-२५६ साठी आणखी दोन हजार? आई गेम खेळत नाही. तिथं फोन आईसाठी घेताय की स्वतःच्या समाधानासाठी, हे एकदा मनाशी ठरवा.

अपडेटचाही विचार करा. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ च्या फोनची साथ सोडली. ज्या फोनवर शेवटचं अपडेट कधीच थांबलंय, तो एक दिवस असा अचानक मुका होतो. रेडमी ए४ बाबत कंपनीने दोन मोठी अँड्रॉइड अपडेट्स आणि चार वर्षं सुरक्षेची अपडेट्स देऊ असं सांगितलं होतं. ज्या फोनवर बँक आणि यूपीआय चालणार, त्याच्यासाठी हा आकडा मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे. आणि ती अपडेट्स उतरवायला जागा लागते. म्हणजे पुन्हा १२८ च!

ऑनलाइन की स्टँडवरचं दुकान?

ऑनलाइन दोन-चारशे रुपये सुटतात, कबूल. पण गावातल्या मोबाइल शॉपीवाला त्या दोन-चारशेत बरंच काही देतो. जुन्या फोनमधले नंबर नव्यात घालून देतो, व्हॉट्सॲप चालू करून देतो, अक्षरं मोठी करून देतो, आणि आठवड्याने आई 'आवाजच येत न्हाई' म्हणत गेली तर तिला परत पाठवत नाही. तुम्ही लांब शहरात. असा माणूस हाताशी असणं म्हणजे फुकटचं कस्टमर केअर! फक्त एक काळजी घ्या. दुकानात दोन्ही व्हेरियंट असतीलच असं नाही. 'हाच घ्या, दुसरा येतच नाही' असं झालं तर दोन दिवस थांबा, किंवा कोल्हापूरला चक्कर होईल तेव्हा बघा.

दुकानातून फोन आला तर विचारायचे सहा प्रश्न

१. खरी रॅम किती? ('४ + ४' म्हणजे चारच.)

२. मेमरी ६४ की १२८, आणि ईएमएमसी की यूएफएस?

३. घरात जे सिम आहे त्यावर या फोनचं ५जी चालतं का? दुकानातच सिम घालून बघता येईल का?

४. दोन सिम आणि मेमरी कार्ड एकत्र बसतं का?

५. सुरक्षेची अपडेट्स किती वर्षं, आणि सर्व्हिस सेंटर कुठं?

६. खोक्यात चार्जर आहे का? जीएसटीचं बिल मिळणार का?

सातवा प्रश्न दुकानदाराला नाही, आईला विचारायचा. "आई, हातात धरून बघ. जड लागतोय का? अक्षरं दिसतात का?" बहुतेक घरांत फोन तिचा आणि पसंती बाकी सगळ्यांची असते. पावणेसात इंचांचा फोन पप्पांच्या खिशात मावेल, पण पदराला हात पुसत एका हाताने कॉल घेणाऱ्या बाईला तो झेपतो का, हे फक्त तीच सांगू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी घरून 'दोन हायत, कुठला घिऊ?' असा कॉल आला तर मीटिंगमधून पाच मिनिटं बाहेर या. स्वतःच्या फोनसाठी तीन आठवडे दिले होते, तिच्यासाठी पाच मिनिटं जास्त नाहीत. आमचं उत्तर विचाराल तर व्हॉट्सॲप वापरणाऱ्या आईसाठी १२८. फरकाचे हजार तुम्ही पाठवा. आणि फोन हातात आला की आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून द्या, नाहीतर १२८ जीबीसुद्धा 'शुभ सकाळ'ने भरायला वेळ लागायचा नाही!